पाठीवरचं पाणी

हायड्रेशन पॅकची रचना समजून घ्यायची तर तो रिकामा पाहावा. भरलेली पिशवी फक्त फुगवटा दाखवते. रिकामी झाली की मधला जोड, गळ्याशी वळलेली नळी, तोंडाशी बसवलेला व्हॉल्व्ह, छातीवरचे पट्टे असं सगळं उलगडतं. लांब पल्ल्याच्या धावकासाठी घडवलेल्या वस्तूंत इतकी विचारपूर्वक रचलेली दुसरी वस्तू मला दिसत नाही.

तिचा पहिला खर्डा सायकलवर लिहिला गेला. अमेरिकेत टेक्सासमधल्या विचिटा फॉल्सला ऑगस्टच्या उन्हात शंभर मैलांची सायकल शर्यत होते. 1980च्या दशकाच्या अखेरीस त्या शर्यतीसाठी मायकेल आयडसन या वैद्यकीय मदतनिसाने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली आणि मोजा टी-शर्टच्या पाठीवर शिवला. नळी खांद्यावरून पुढे आणली आणि तिच्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. त्यातूनच पुढे कॅमलबॅक ही कंपनी उभी राहिली. आपल्याकडच्या पखालीतही पाणी वाहून नेलं जाई, पण ते दुसऱ्यांसाठी. इथे वाहणारा आणि पिणारा एकच झाला, आणि चालता चालता पिण्याची सोय हा रचनेचा गाभा ठरला.

धावकापर्यंत येताना या खर्ड्यावर बरेच संस्कार झाले. सायकलस्वाराची पाठ बरीचशी स्थिर असते, धावकाची प्रत्येक पावलागणिक वर-खाली होते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, दीड लिटर म्हणजे दीड किलो, आणि तेही हलणारं. म्हणून धावण्याचा पॅक बंडीसारखा अंगाला धरून बसतो. वजन कमरेवर न ठेवता वर, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये ठेवतो. पाणी कमी होत जातं तसे छातीवरचे दोन पट्टे धावतानाच ओढून घेता येतात. पिशवीच्या मधोमध असलेला जोड तिला गोल फुगू देत नाही, पाठीशी सपाट ठेवतो.

मात्र रचनेचं खरं मर्म आहे हवेशी असलेल्या तिच्या नात्यात. भरलेल्या पिशवीत थोडी जरी हवा राहिली, तरी पाणी प्रत्येक पावलाला डुचमळतं आणि तो आवाज तासन्‌तास कानाशी राहतो. यावरचा उपाय फार सुंदर आहे. तोंड घट्ट बंद करायचं, पिशवी उलटी धरायची, म्हणजे हवा नळीच्या बाजूला चढते, आणि नळीतून पाणी येईपर्यंत ती ओढून घ्यायची. त्यानंतर पीत जावं तशी पिशवी आकसत जाते. बाटलीतलं पाणी संपतं तेव्हा त्याची जागा हवा घेते. इथे संपलेल्या पाण्यासोबत जागाही मिटते.

व्हॉल्व्हची चीर तितकीच नेमकी. दातांनी दाबली की उघडते, सोडली की सिलिकॉन आपल्याच ताणाने मिटतं. हात मोकळे राहतात. सिंहगड-राजगड-तोरणा अशा वाटांवर ते कातळाला लागतातच. ठरावीक अंतरावर पाण्याच्या पिशव्या हाती देणाऱ्या, दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्ससारख्या शर्यतीत पॅकची गरज कमी. पुढचं पाणी दूर असेल तिथे पॅकचं मोल कळतं. तहान लागेल तसा घोट घ्यावा. गरजेपेक्षा फार पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन जिवावर बेतू शकतं. उन्हात नळीतलं पाणी तापतं, म्हणून घोट झाल्यावर फुंकर मारून ते पिशवीत परत ढकलावं. एक उणीव मात्र खरी: पाणी किती उरलं, हे पाठीवरून दिसत नाही. पुढे छातीशी बसणाऱ्या मऊ बाटल्या अनेकांना आवडतात त्या यामुळेही.

रसग्रहण इथे थांबवलं तर अर्धंच राहील. पॅक धुताना वाचन पूर्ण होतं, कारण तेव्हा हवेचं नातं उलटतं. ज्या बंदिस्तपणामुळे पाणी शांत राहिलं, त्याच बंदिस्तपणात ओल टिकते, आणि साखरेचं इलेक्ट्रोलाइट भरलं असेल तर चिकट थर आणि बुरशी धरते. म्हणून पिशवीत साधं पाणी आणि बाटलीत इलेक्ट्रोलाइट ही वाटणी शहाणपणाची. परतल्यावर त्याच दिवशी नळी आणि व्हॉल्व्ह वेगळे करावेत. कोमट पाणी, साबणाचे चार थेंब, नळीसाठी लांब बारीक ब्रश. व्हॉल्व्हची चीर बोटांनी उघडून आतला कोपराही चोळावा. वास राहिला तर खाण्याचा सोडा घातलेलं पाणी रात्रभर ठेवून खळखळून धुवावं. उकळतं पाणी टाळावं, त्याने पिशवीचे जोड बिघडू शकतात. बंडीवरचं घामाचं मीठ गार पाण्यात हाताने काढून ती सावलीत वाळवावी.

मग सुकवणं. पिशवीच्या ओल्या भिंती एकमेकींना चिकटतात, म्हणून आत लाकडी रवी घालून तोंड उघडं ठेवून टांगावी. नळी गरगरा फिरवून थेंब झटकावेत. पावसाळ्यात सुकण्याची खात्री नसेल तर धुतलेली पिशवी फ्रीजरमध्ये ठेवावी. तिथे बुरशी वाढत नाही.

धावताना हवा पूर्ण बाहेर काढता यावी आणि नंतर ती सगळीकडे पोचवता यावी, या दोन्ही कसोट्यांना उतरतो तो पॅक उत्तम. म्हणून घेताना खिशांची संख्या नंतर पाहावी. आधी पिशवीचं तोंड उघडून हात आत घालावा. बोटं तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचली, तर त्या कारागिराने धावकाच्या शर्यतीइतकाच त्याच्या संध्याकाळचाही विचार केला आहे.