'दर्या', 'दऱ्या' आणि आघात नावाचा घोटाळा

माझी पहिली गझल एका जाणत्या माणसाने वाचली आणि पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं. शब्द होता 'तुझ्याशी', वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे 'लगागा' चार वेळा. त्यांच्या मते जोडाक्षराआधीचा 'तु' गुरू, म्हणून 'गागागा'. वृत्त तुटलं! मी ओळ बदलली. नवी ओळ मोजून बरोबर होती, पण तिच्यातला माणूस गेला होता.

पुढे कळलं, मला अर्धाच नियम सांगितला गेला होता. जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षर त्यावर आघात येत असेल तरच गुरू होतं. 'विद्या'मध्ये येतो, 'तुझ्या', 'पुन्हा', 'तुम्ही'मध्ये येत नाही. नियम चोख आहे. माझं भांडण 'आघात' या शब्दाशी आहे.

आघात म्हटलं की आपण जोर शोधायला लागतो. 'तु' कितीही जोरात म्हणा, तो लघूच राहतो. खरी गोष्ट वेगळी आहे. आपण 'विद्-द्या' म्हणतो. 'द्' मागे चिकटतो आणि 'वि'चं दार बंद होतं. 'तु-झ्या'मध्ये सगळं जोडाक्षर पुढे जातं, 'तु' मोकळा राहतो.

पुरावा तुमच्या कीबोर्डवरच आहे. समुद्र तो 'दर्या': 'दर्-या', गागा. डोंगरातल्या त्या 'दऱ्या': 'द-ऱ्या', लगा. हा फरक आपण लिहून दाखवतो तो फक्त 'र'साठी. बाकी जोडाक्षरांचं काम कानावर सोपवलेलं आहे.

गोंधळ वाढतो तो इंग्रजीतल्या 'स्ट्रेस'लाही आघातच म्हटल्यामुळे. तिथे मात्र खरोखर जोर असतो. 'प्रेझेंट'च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर भेटवस्तू, दुसऱ्यावर दिला तर सादर करणं. शेक्सपिअरचा आयॅम्ब या जोरावर चालतो. त्याला 'लघु-गुरू' म्हणणं म्हणजे वजन किलोमीटरमध्ये सांगणं. मराठीत नुसता जोर हलवून शब्दाचा अर्थ असा बदलत नाही. माधव जूलियन यांनी 'छंदोरचना'त पद्याचे तीन प्रकार लावले: छंद अक्षरसंख्येवर, जाती मात्रांवर, वृत्तं लगक्रमावर. तिन्हींचा पाया मोजण्याचा आहे.

म्हणून इंग्रजीसाठी 'बलाघात' ठेवावा, आणि आपल्या नियमात सरळ विचारावं: अक्षर बंद की मोकळं? नवख्या कवीला हे उच्चारून लगेच कळेल, आणि कुणी त्याला त्याच्याच कानावर अविश्वास ठेवायला शिकवणार नाही.

माझी जुनी ओळ मी परत घेतली आहे. 'तुझ्याशी'सकट.