मर्दुकची पन्नास नावं

'एनूमा एलिश' वाचणारे बहुतेक जण चौथ्या पाटीवर रमतात. मर्दुक वाऱ्याने तियामातचं पोट फुगवतो, बाण मारतो, सुक्या मासळीसारखं तिचं शरीर दुभंगून अर्ध्याचं आकाश करतो. प्रसंग जबरदस्तच आहे. पण या बॅबिलोनी काव्याचा जीव मला त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या रूक्ष भागांत दिसतो: आधीचा करार आणि नंतरची नामावली.

मर्दुक लढायला निघण्यापूर्वीच अट घालतो. जिंकलो तर यापुढे सगळ्यांची नशिबं माझ्या शब्दाने ठरतील. घाबरलेले देव जमतात, जेवतात, बिअर पितात आणि त्या खुशीत सर्वाधिकार देऊन टाकतात. (कवीने हे किती थंडपणे लिहिलंय!) मग चाचणी. मर्दुकने शब्दाने एक तारकासमूह नष्ट करायचा आणि शब्दानेच परत आणायचा. जुन्या भाषांतरांत इथे वस्त्र होतं. ते जमल्यावरच राजदंड.

शेवटची पन्नास नावं वाचक स्तोत्र समजून ओलांडतात. पण ५० हा एन्लिलचा अंक. निप्पूरचा हा एन्लिल पूर्वीचा सर्वोच्च देव. हम्मुराबीच्या कायद्यांच्या प्रस्तावनेत अनू आणि एन्लिल मर्दुकला माणसांवरची सत्ता देतात. तिथे एन्लिल दाता आहे. काव्यात मात्र तो जवळपास गायब, आणि अखेरीस येऊन 'देशांचा स्वामी' ही स्वतःचीच पदवी मर्दुकला देतो. पाठोपाठ बाप एआही आपलं नाव देऊन टाकतो. तियामातच्या वधापेक्षा मला ही जागा जास्त निर्दय वाटते. इथे कोणी लढतही नाही.

या विजयाची किंमत कवीने तियामातच्या चित्रणात मोजली आहे. गोंगाट करणाऱ्या पोरांना मारू या, असं अप्सू म्हणतो तेव्हा पहिल्या पाटीत हीच तियामात चिडून विचारते, आपणच जन्माला घातलेलं आपणच कसं मारायचं? पुढे ती नुसती राक्षसीण उरते. मर्दुक मोठा दिसावा म्हणून कवी त्या आईला विसरतो, आणि हे मला खटकतं.

नावं घेऊन मोठा झालेल्या देवाचं नावही पुढे काढलं गेलं. इ.स.पू. ६८९ मध्ये सेन्नाचेरिबने बॅबिलोन उद्ध्वस्त केलं. काव्याच्या अश्शूरी प्रतीत मर्दुकच्या जागी अश्शूर देव आला. आमच्या धंद्यात याला 'फाइंड अँड रिप्लेस' म्हणतात, आणि बगही तसाच राहिला. अश्शूरचं नाव 'अनशार' असं लिहीत. अनशार तर मर्दुकचा पणजोबा म्हणून काव्यात आधीपासून हजर होता. एका नावाचे दोन देव झाले आणि वंशावळ विस्कटली.