मावशीची भुतावळ आणि कावळ्याचे घर

मराठी बालवाङ्मयाची चर्चा निघाली की 'संस्कार' हा शब्द इतक्या त्वरेने पुढे येतो, की मुलाला नेमके काय आवडते हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ने आपल्या कित्येक पिढ्यांना रडावयास शिकविले, आणि ते अश्रू खोटे नव्हते. तथापि त्याच भाषेत एक दुसरी वाटही आहे. तिच्यावर भुते आहेत, चेटकीण आहे, माणसाला खाऊ पाहणारा वाघ आहे; आणि मूल तिथे रडत नाही, खदखदून हसते. या हसण्याकडे आपल्या समीक्षेने पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही, असे मला वाटते.

विंदा करंदीकरांचा 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' हा बालकवितांचा संग्रह १९८१ सालचा. 'स्वेदगंगा' आणि 'मृद्‌गंध' लिहिणारा हा कवी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणणारा अभ्यासकही होता. भय आणि करुणा यांच्या योगाने प्रेक्षकाच्या मनाचे काय होते, याचा विचार त्याने केलेला होता. मुलांसाठी लिहिताना त्याने भय तसेच ठेवले आणि करुणेच्या जागी विनोद बसविला. मला तर सारे मर्म शीर्षकातल्या नात्यातच दिसते. भुतावळ आहे खरी, पण ती मावशीची आहे! मांजराला वाघाची मावशी म्हणणारी, आणि 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण चारचौघांत बिनदिक्कत उच्चारणारी आपली भाषा. मावशी म्हटली की लाड आले, आईने नाकारलेला खाऊ आला. त्यातून ही मावशी पिशी, म्हणजे जराशी वेडी. नाते जडले म्हणून भीती जात नाही; पण ती अंगणातून ओसरीवर येऊन बसते, आणि ओसरीवरच्या माणसाची थट्टा करता येते.

आमच्या छोट्या वाचनालयात हे पुस्तक पाहून काही पालकांनी नापसंती दर्शविली. जिथे मुले धर्मशिक्षणाला येतात तिथे भुतांचे पुस्तक कशाला? आक्षेप प्रामाणिक होता. परंतु मुलाच्या मनात भीती पुस्तक घालते, हे गृहीतच मला मान्य नाही. चेस्टरटनने १९०९ सालच्या एका निबंधसंग्रहात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. राक्षसाला मूल आधीपासून ओळखत असते, परीकथा त्याला त्या राक्षसाला मारणारा संत जॉर्ज मिळवून देते, असे त्याचे म्हणणे. विंदा तर जॉर्जचा भालाही देत नाहीत. ते नुसते हसू देतात, आणि अंधाऱ्या खोलीतून पाण्याचा तांब्या आणायला एवढे पुरते. चेस्टरटनचा मित्र हिलेर बेलॉक याने १९०७ मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या सावधगिरीच्या कथाकाव्यांत दाईचा हात सोडून पळालेल्या जिमला सिंह पायापासून सावकाश खात जातो. पद्याचा थाट उपदेशाचा, पण हसे होते ते उपदेशकांचेच. मुलांना हे तत्क्षणी कळते. पालकांना थोडा वेळ लागतो.

रंगभूमीवर हेच काम रत्नाकर मतकरी यांनी केले. प्रौढांना गूढकथांनी झोपू न देणाऱ्या लेखणीनेच 'अलबत्या गलबत्या' लिहिले. त्यातील चिंची चेटकीण एके काळी दिलीप प्रभावळकरांनी गाजविली, आणि २०१८ साली वैभव मांगले यांच्या रूपाने ती नव्या मुलांपुढे आली. चेटकीण दुष्ट आहे यापेक्षा ती स्वतःच्या हुशारीवर लुब्ध आहे, हे मुलांना अधिक भावते. असे मोठे लोक त्यांनी घरात आणि शाळेत पाहिलेले असतात.

आता आपल्या भंडाऱ्याकडे येऊ. नागझिरा आणि कोका ही नावे बाहेरच्यांना पर्यटनाची वाटतात. इथे उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला बाया जंगलात शिरतात, तेव्हा वाघ ही कल्पना नसते. अशा गावातच म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट रंगते. लेकीकडे निघालेली म्हातारी वाघाशी सौदा करते: आता माझ्या अंगावर मांस नाही, तूपरोटी खाऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग खा. स्वतःच्या मांसाचा भाव वाढवून मुदत मागणारी ही बाई काळ्या विनोदाची आमची थोर नायिका होय. अलीकडच्या काही रंगीत पुस्तकांत वाघाशी तिची मैत्री होते आणि भोपळा उगाचच घरंगळतो. ही सोज्ज्वळता मला फसवी वाटते. वाघ मवाळ केला की म्हातारीची अक्कल वाया जाते, आणि जंगलाच्या कडेला राहणारे मूल मनात म्हणते, याला काही ठाऊक नाही.

मात्र काळोखातले प्रत्येक हसू निर्मळ असते असे नव्हे. चिऊकाऊची गोष्ट घ्या. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते. तो दार ठोठावतो आणि चिमणी बाळाला न्हाऊमाखू घालण्याची, काजळतीट करण्याची सबब सांगत राहते. काही घरांत तर गोष्टीच्या शेवटी तो चुलीपाशी भाजतोही. रचना निर्दोष, सबबींची लय अप्रतिम. पण इथे हसायचे कोणाला? म्हातारीच्या गोष्टीत फजिती बलवानाची होते, येथे भिजलेल्याची. शेणाने सारवलेल्या घरात झोपणाऱ्या मुलाला ही गोष्ट सांगताना आपण त्याला नकळत चिमणीच्या बाजूला बसवतो. गोष्ट काढून टाकावी असे मी म्हणणार नाही. तिच्याइतकी ठसठशीत गोष्ट दुसरी मिळणे कठीण. सांगणाऱ्याचा आवाज कोणत्या बाजूचा आहे, एवढे मात्र तपासावे.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. पुढे काही महिन्यांनी नदीकाठच्या एका वस्तीत मुलांना गोष्टी सांगत असता हीच गोष्ट निघाली. घर वाहून गेले इथपर्यंत सारी मुले गप्प होती. मागच्या ओळीतल्या, आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने मध्येच हात वर केला आणि अगदी गंभीरपणे विचारले, ''फादर, कावळ्याच्या घराचा पंचनामा झाला का?'' आधी त्याची आजी हसली, मग सगळी वस्ती हसली. त्या दिवशी गोष्ट तिथेच थांबली. चिमणीने दार उघडले की नाही, हे कोणीच विचारले नाही.