शून्य रेफरल म्हणजे सगळं ठीक?

पेपर वाचताना आपण आधी निष्कर्षाकडे पळतो. मीही तेच करायचे. आज तुम्हाला उलटं करायला सांगते: आधी बघा, मोजलं काय आणि कसं. उदाहरण माझ्याच विषयातलं घेते.

अमेरिकेतल्या हजारो शाळांत पीबीआयएस नावाची पद्धत चालते. मराठीत म्हणायचं तर शाळाव्यापी सकारात्मक वर्तन साहाय्य. चुकल्यावर शिक्षा करण्यापेक्षा अपेक्षित वागणं आधीच शिकवायचं आणि ते दिसलं की दाद द्यायची. यात तीन स्तर असतात: पहिला सगळ्या मुलांसाठी, दुसरा जादा मदत लागणाऱ्या गटांसाठी, तिसरा एकेका मुलासाठी. माझा आक्षेप पहिल्या स्तरातल्या 'सगळ्या' या शब्दावर आहे.

यश मोजायचं सर्वांत रुळलेलं माप म्हणजे ऑफिस रेफरल. मूल गैर वागलं की शिक्षक फॉर्म भरून त्याला ऑफिसात पाठवतात. दर 100 मुलांमागे दिवसाला किती फॉर्म, याचा आलेख काढतात. तो उतरला की पद्धत लागू पडली.

आता एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. नऊ वर्षांची. बोलत नाही, टॅबलेटवरच्या चित्रांवर बोट ठेवून सांगते. दिवसाचा बराच वेळ वेगळ्या वर्गात असते. त्रास झाला की स्वतःच्या डोक्यावर मारून घेते. वर्गातली मदतनीस तिला सांभाळते. फॉर्म कुणी भरत नाही, कारण तिला ऑफिसात पाठवून उपयोग काय? म्हणजे ती छेदात आहे, पण अंशात कधीच येत नाही. आलेखावर तिचं शून्य आणि शहाण्या मुलाचं शून्य सारखंच दिसतं.

दुसरं साधन 'सेट', 2004 साली प्रसिद्ध झालेलं. त्यात मूल्यमापक काही मुलांना शाळेचे नियम विचारतात. उत्तर तोंडी हवं. ही मुलगी काय करणार?

गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाहीच) ही विचारसरणी 1980च्या दशकात अशाच मुलांसाठी उभी राहिली. तीव्र अपंगत्व असलेल्यांचं वागणं बदलायला वेदना देणारे उपाय वापरले जात, त्याला हा पर्याय होता. पुढे ती शाळाभर पसरली आणि ज्यांच्यामुळे सुरू झाली तेच कडेला पडले. हॉकेन आणि ओ'नील यांनी 2006 मध्येच लिहिलं होतं की या मुलांना सगळ्या स्तरांत घ्या. 2016 मध्ये कर्थ आणि एनयार्ट यांना लेखाच्या शीर्षकातच विचारावं लागलं, की आपण आहोत कुठे?

पद्धत कुचकामी आहे, असं मी म्हणत नाही. मेरीलँडच्या 37 प्राथमिक शाळांत यादृच्छिक पद्धतीने झालेल्या अभ्यासात रेफरल आणि निलंबनं घटलेली दिसली. पण तो पुरावा ज्यांचं वागणं फॉर्मवर येतं त्यांच्याबद्दल आहे. दुसरीकडे 2017-18ची सरकारी आकडेवारी बघा: विशेष शिक्षण घेणारी मुलं पटावर 13 टक्के, पण शाळेत अंगबळाने धरून ठेवलेल्या मुलांत 80 टक्के. यात सगळ्या प्रकारचं अपंगत्व येतं, फक्त तीव्र नाही. तरीही प्रश्न उरतोच: रेफरलच्या आलेखात हे धरून ठेवणं दिसतं का? नाही.

याची किंमत ती मुलगी मोजते. पहिल्या स्तरात तिला काही शिकवलंच जात नाही. नियमांचे फलक तिच्या चित्रांच्या भाषेत नसतात. मग ती थेट तिसऱ्या स्तरावर ढकलली जाते आणि दोष तिच्या वागण्याचा ठरतो, शाळेचा नाही.

म्हणून पद्धतीचं प्रकरण वाचताना हे तीन प्रश्न समासात लिहा. मोजमाप कोण भरतं? कुणाचं वागणं त्यात येऊच शकत नाही? उत्तर द्यायला बोलता येणं गरजेचं आहे का? तुमच्या आढाव्यातला सर्वांत आवडता पेपर काढा आणि सुरुवात त्याच्यापासूनच करा. मी तसं केलं, तेव्हा माझ्या प्रस्तावाचं दुसरं प्रकरण मला पुन्हा लिहावं लागलं.