आज बसायचं का?

मराठीत दारू पिण्यासाठी एक फार नेमकं क्रियापद आहे : बसणं. ‘काल आम्ही बसलो होतो’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं, बाटलीचं नावही घ्यावं लागत नाही. गंमत अशी, की या शब्दात दारू कुठेच नाही. जागा आहे, सोबत आहे, हातातला रिकामा वेळ आहे. भाषेला जे कळलं, ते आपल्या कॉलेजच्या गोष्टींना मात्र अजून नीट कळलेलं नाही, असं मला वाटतं. नाटक असो, कादंबरी असो की सिनेमा, आपली नजर ग्लासावर जाऊन थांबते. कोण कुठे बसलं, कुणाच्या पैशांनी बसलं, कुणाला बसता आलं नाही, आणि शेवटी उठून कुणी कुणाला घरी नेलं, हे बहुतेक वेळा गोष्टीबाहेर राहतं.

पुण्याचंच घेऊ. बाहेरगावाहून आलेल्या पोरापोरींवर या शहराचा मोठा भाग चालतो. कॉट बेसिसवरच्या खोल्या, अभ्यासिका, मेस, झेरॉक्सची दुकानं, टपऱ्या. रविवारी रात्री बऱ्याच मेस बंद असतात. म्हणजे आठवड्यातली एक रात्र अशी येते, की जेवणाचं काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. ‘आज बसायचं का?’ हा प्रश्न अनेकदा तिथूनच निघतो. मग कॉन्ट्री काढायची. खोलीतला जो वयाने मोठा दिसतो, त्याने वाईन शॉपच्या रांगेत उभं राहायचं. कुणीतरी फरसाण आणि शेंगदाणे आणायचे. खिडकी लावून घ्यायची, कारण खाली सोसायटीचे सेक्रेटरी राहतात आणि डिपॉझिट घरमालकाकडे अडकलेलं आहे. न पिणारा एक जण असतोच. तो थम्सअप पितो, चखणा संपवतो आणि त्याने कॉन्ट्री अर्धी द्यायची की पूर्ण, यावर दर वेळी तोच वाद होतो.

यात नाट्य नाही असं कोण म्हणेल? पण मराठीत कॉलेजवयातल्या पिण्याचे दोनच साचे ठसठशीत आहेत. एक सर्वनाशाचा, दुसरा यारीचा.

सर्वनाशाचा साचा राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा. नाटक 1919 साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलं. सुधाकर हुशार वकील, विद्यार्थी नव्हे. पण शिकलेला तरुण पहिला घोट घेतो आणि खाली घसरत जातो, हे चित्र त्याने घराघरात पोचवलं. आजही मुलगा पुण्याला शिकायला निघाला की आईच्या मनात जी भीती असते, तिची पटकथा गडकऱ्यांची आहे. पहिला प्याला घेतला, संपला.

पण हे नाटक पुन्हा वाचलं तर एक गोष्ट लक्षात येते. गडकऱ्यांना बैठकही दिसली होती. तळीरामाचं ‘आर्य मदिरा मंडळ’ आठवा. शास्त्रीबुवांपासून खुदाबक्षापर्यंत माणसं एकत्र आली आहेत आणि प्रत्येक जण आपण का पितो याचं तात्त्विक समर्थन देतो आहे. हे प्रवेश आपण विनोदासाठी लक्षात ठेवले. मला ते नाटकातलं सर्वांत अचूक निरीक्षण वाटतं. माणूस एकटा घसरत नाही, त्याला सभासद करून घेतलं जातं, हे तिथे दिसतं. सुधाकरचा अपमान झालेला असतो, त्याला ते विसरायचं असतं आणि विसरायला लावणारं माणूस शेजारीच असतं. नंतरच्या काळाने मात्र यातून ‘एकच’ हा शब्द उचलला आणि मंडळ सोडून दिलं. व्यसनमुक्तीच्या पोस्टरवर बाटली असते, बाटलीभोवतीचे चार मित्र नसतात.

यारीचा साचा त्या मित्रांना परत आणतो, पण वेगळ्या उजेडात. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ 1982 साली आली आणि संजय जाधव यांनी तिच्यावरून केलेला सिनेमा 2013 साली. शिरवळकरांनी एक महत्त्वाचं काम केलं, ते समीक्षेने मोकळेपणाने मान्य करायला हवं. कॉलेजचा कट्टा ही त्यांनी कादंबरीची जागा बनवली. त्याआधी मराठी तरुण कादंबरीत बहुधा एकटा होता; इथे तो टोळीत आला. घरात आईवडिलांचं पटत नाही, अशा श्रेयसला कट्ट्यावर घर सापडतं. हॉस्टेलच्या खोलीत असं घर शोधणाऱ्या कुणालाही हे पुस्तक आपलं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नाही.

या कादंबरीतलं दारूचं खरं पात्र म्हणजे एम. के. श्रोत्री. बारमध्ये बसणारा, आयुष्य हरलेला, सुंदर बोलणारा. त्याच्या पिण्याला भूतकाळ आहे, आणि तो भूतकाळ श्रेयसच्या घरापर्यंत येऊन पोचतो. मला एम. के. हा कट्ट्याचा इशारा वाटतो. आज भिंतीवर पाय हलवत बसलेल्यांपैकी एखादा पंचवीस वर्षांनी असा दिसेल, एवढंच त्याने सांगायचं होतं. पण वाचक म्हणून आपण त्याच्याकडून इशारा घेतला नाही, त्याची वाक्यं घेतली. सिनेमानंतर तर संवाद स्टेटसवर गेले. उद्ध्वस्त माणूस आपल्याला छान बोलतो म्हणून आवडला. दुःख झालं की प्यावं आणि प्यायल्यावर खोल बोलता येतं, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. त्या समजाला एम. के.ने, स्वतःची इच्छा नसताना, चेहरा दिला.

दोन्ही साचे एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण त्यांच्यात एक गोष्ट समान आहे : दोन्हींत हिशेब नाही. खोलीतल्या चौघांपैकी एकाच्या घरून महिन्याला वीस हजार येतात आणि एकाच्या घरून सोयाबीनला भाव मिळाला तरच येतात. कॉन्ट्री मात्र समान. दुसरा ‘नाही’ म्हणू शकत नाही, कारण नाही म्हटलं तर पुढच्या वेळी त्याला विचारणारच नाहीत, आणि विचारलं नाही तर असाइनमेंट, नोट्स, नोकरीच्या ओळखी, सगळंच हळूहळू त्याच्या हातून जातं. यारीचा साचा ही सक्ती झाकतो. तो म्हणतो, मैत्रीत हिशेब नसतो. हे वाक्य नेहमी ज्याच्याकडे पैसे असतात तोच म्हणतो.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे मुली. ‘एकच प्याला’तली सिंधू मंडळाच्या दाराबाहेर आहे; घरी दळण दळते आहे आणि परिणाम भोगते आहे. शंभर वर्षांनंतर मुलगी त्याच शहरात, त्याच कोर्सला, तेवढीच फी भरून शिकते आहे, पण बैठकीत ती अजून पाहुणीच. तिच्या हॉस्टेलचं दार लवकर बंद होतं, त्यामुळे बसायचं तर रात्रभर बाहेर राहायची सोय आधी करावी लागते. तिने ग्लास उचलला की ती ‘तसली’ होते, नाही उचलला तर ‘काकूबाई’. आणि मुलगा प्यायला की ‘त्याचं काहीतरी बिनसलंय’. दारू पिण्यामागे कारण असण्याचा मानही आपण मुलांनाच दिला आहे. मैत्रिणीच्या खोलीत चार मुली बसल्या आहेत, हसताहेत, एक जण लवकर झोपून गेली आहे आणि उद्या प्रॅक्टिकल आहे, एवढंच सांगणारी साधी मराठी कथा मला वाचायची आहे. तिच्यात कुणाचा नाश व्हायला नको आणि कुणी बंडखोरही ठरायला नको.

हिशेब ठेवणारं एक पुस्तक आपल्याकडे आहे, पण त्याकडे या नजरेने आपण पाहत नाही. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’, 1963. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला येतो, हॉस्टेलवर राहतो, मेसचा कारभार अंगावर घेतो आणि त्यात अडकतो. पैसे घरून येतात आणि प्रत्येक रुपयामागे वडील उभे असतात. ‘कोसला’चं कौतुक तिच्या भाषेसाठी झालं, अस्तित्ववादासाठी झालं. पण ती मेसच्या वहीची कादंबरीही आहे. विद्यार्थ्याचं आयुष्य कुणाच्या घामावर चालतं, मित्र कधी खातात आणि कधी गायब होतात, हे तिला ठाऊक आहे. तिच्या काळातल्या मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी होती, म्हणून आजच्या बैठकीचं चित्र तिच्यात शोधायला जाऊ नये. शोधायची ती नजर. पांडुरंग जसा मेसकडे पाहतो, तसं कुणी बैठकीकडे पाहिलं असतं तर?

पांडुरंग आपली गोष्ट सांगतो तेव्हा पंचवीस वर्षांचा असतो. महाराष्ट्राच्या आजच्या कायद्यातही नेमका हाच आकडा आहे. बिअर आणि वाईनसाठी वय 21, बाकी दारूसाठी 25. शिवाय परवाना लागतो : एक दिवसाचा पाच रुपयांत, आयुष्यभराचा हजार रुपयांत. म्हणजे पांडुरंग आज असता, तर शहर, कॉलेज आणि हॉस्टेल मागे टाकून गावी परतल्यावरच त्याला कायदेशीर क्वार्टर मिळाली असती. विद्यार्थीदशेतलं जवळजवळ सगळं पिणं कायद्याबाहेर आहे आणि सगळ्यांना ते माहीत आहे. याचा परिणाम इतकाच होतो, की बैठक बंद खिडकीआड, टेकडीवर, हायवेच्या कडेला सरकते. एखाद्याला उलट्या थांबेनात, तर मित्र दवाखान्यात न्यायच्या आधी रेक्टरचा, पोलिसांचा आणि घरच्यांचा विचार करतात. त्या विचारात जाणारी वीस मिनिटं ही माझ्या मते या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे. ती कुठल्याही साच्यात बसत नाही.

19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे मोटारसायकलवर आदळली आणि 24 वर्षांचे दोन इंजिनिअर, एक तरुण आणि एक तरुणी, मरण पावले. गाडी 17 वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याआधी तो मित्रांबरोबर बारमध्ये बसला होता, असा पोलिसांचा आरोप. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी दिलेल्या जामिनाच्या अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध होता. लोक चिडले, आणि चिडणं रास्तच होतं. नंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली, पबवर कारवाई झाली. आपण सगळे गाडीच्या किमतीबद्दल आणि बापाच्या पैशाबद्दल बोललो. टेबलाबद्दल कमी बोललो. बिल भरताना, किल्ली उचलताना, तिथे हजर असलेल्या कुणाला काय वाटलं असेल? ‘तू चालवू नकोस’ हे मित्राला म्हणायची भाषा आपल्या कोणत्या गोष्टीने आपल्याला दिली आहे? सर्वनाशाच्या साच्यात ते वाक्य नाही, कारण तिथे पहिल्या घोटालाच सगळं संपलेलं असतं. यारीच्या साच्यात ते वाक्य भित्रेपणाचं ठरतं.

यावर कुणी म्हणेल, की साहित्याने व्यसनमुक्ती केंद्र चालवायचं का? मुळीच नको. उपदेशाची आपल्याकडे टंचाई नाही. माझी तक्रार वाचक म्हणून आहे. इतक्या ओळखीच्या, इतक्या वेळा घडणाऱ्या रात्रीचं वर्णन करायला आपल्या गोष्टींकडे दोनच चष्मे असावेत, हे कमी पडतं. त्या रात्रीत खरोखर मजा असते, हेही लिहायला हवं. एरवी गप्प असणारा पोरगा गावाकडची गोष्ट सांगतो, दोघं भांडून मिटवतात, कुणीतरी बेसूर गातं. ही मजा खरी आहे म्हणूनच तिची किंमत कोण देतं हे पाहणं गरजेचं आहे.

आत्ता कॉलेजात असलेलं कुणीतरी हे लिहील, कदाचित फोनवरच लिहील. त्या लिखाणात मला सगळ्यात आधी तो न पिणारा हवा आहे. सगळ्यांना उताणं झोपू नका म्हणून कुशीवर वळवणारा, बाईकची किल्ली उशीखाली ठेवणारा, सकाळी बाटल्या काळ्या पिशवीत भरून सेक्रेटरी उठायच्या आत खाली नेणारा. मराठी कॉलेजच्या गोष्टींत त्याला आजवर फार तर एक विनोदी वाक्य मिळालं आहे. आणि अर्धी कॉन्ट्री.