दाहकाळातील लोहनियमन आणि रक्तक्षयाचे निदान : एक चिकित्सा

प्रस्तावना
रक्तक्षय म्हणजे लोहाची कमतरता, हे समीकरण आरोग्य शिबिरांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत रूढ झाले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. याचे उत्तर केवळ लोहाच्या गोळ्यांत शोधणे कितपत सयुक्तिक आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

विवेचन
जंतुसंसर्ग झाला की प्रतिकारयंत्रणेतील पेशी इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन स्रवतात. त्याच्या संदेशाने यकृत हेप्सिडिन या २५ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडची निर्मिती वाढवते. पेशींतून लोह बाहेर सोडणारे फेरोपोर्टिन हे प्रथिन हेप्सिडिनमुळे नष्ट होते, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. परिणामी आतड्यातून रक्तात येणारे लोह घटते आणि भक्षकपेशींत साठलेले लोह तेथेच अडकते. जंतूंना वाढीसाठी लोह लागते. ते त्यांना मिळू नये अशी ही व्यवस्था होय. अल्पकाळ ती हितकर असते. परंतु क्षयरोग, संधिवात किंवा मूत्रपिंडाच्या जुनाट विकारांत दाह रेंगाळला, की कोठार भरलेले असूनही रक्तनिर्मितीला लोह अपुरे पडते.

हिमोग्लोबिनची चाचणी हा भेद दाखवत नाही. लोहसाठ्याचे निदर्शक मानले जाणारे फेरिटिनही दाहात वाढते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठीची लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा दाह असताना ७० धरण्याचे सुचविले. भारतातील समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६-१८) १ ते ४ वर्षांच्या बालकांत रक्तक्षय ४१ टक्के, तर लोहकमतरता ३२ टक्के आढळली. म्हणजेच काही बालकांचा रक्तक्षय निश्चितपणे अन्य कारणांचा होता. हिवतापग्रस्त पेंबा बेटावरील २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर लोह व फॉलिक आम्ल दिलेल्या बालकांत गंभीर आजार व मृत्यू यांचे प्रमाण वाढलेले दिसले.

निष्कर्ष
यावरून लोहगोळ्यांचा कार्यक्रम निरुपयोगी ठरत नाही. मासिक पाळीतील रक्तस्राव आणि सदोष आहार यांमुळे होणारी लोहकमतरता खरीच आहे. आक्षेप आहे तो एका आकड्यावरून कारण ठरविण्याला. वाशीसारख्या नागरी भागातील महाविद्यालयांच्या तपासणी शिबिरांत हिमोग्लोबिन कमी आढळल्यास रेंगाळलेला ताप, खोकला व वजनातील घट यांची विचारपूस व्हावी. शंका असल्यास फेरिटिनसोबत सी-रिअॅक्टिव्ह प्रथिनाचीही तपासणी सुचवावी. अन्यथा गोळी घेणाऱ्या विद्यार्थिनीचा मूळ आजार अज्ञातच राहण्याचा धोका संभवतो.