‘कावीळ’ आणि ‘सहसंसर्ग’ : दोन शब्दांची चिकित्सा

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील लोकव्यवहारात यकृताच्या विकाराला एकच नाव रूढ आहे : कावीळ. दूषित पाण्याने होते ती कावीळ, रक्तावाटे येते तीही कावीळच. आणि ती ‘उतरवून’ घेण्याचा तोडगाही दोहोंस एकच. शब्दाचे कूळ जुने आहे. संस्कृत ‘कामला’शी त्याचा संबंध जोडला जातो, ‘ग्राम’चे ‘गाव’ झाले त्याच रीतीने येथे ‘म’चा ‘व’ झालेला दिसतो. चरकसंहितेत कामलेचे वर्णन पांडुरोगाच्या प्रकरणात येते. हळदीसारखे पिवळे डोळे, त्वचा आणि नखे ही तिची ओळख होय. म्हणजे हे मूलतः लक्षणाचे नाव. तेच पुढे रोगाचे झाले.

यात भाषेचा दोष नाही. तथापि १९६५ मध्ये बी विषाणूचा पहिला मागोवा लागला, १९८९ मध्ये सी विषाणूची ओळख पटली, आणि या पाव शतकात ए, डी व ई हेही उजेडात आले. पाच विषाणू निश्चित झाल्यावरही नाव एकच राहिले, येथे अडचण उद्भवते. जुनाट बी किंवा सी संसर्गात डोळे वर्षानुवर्षे पिवळे होत नाहीत. मग व्यवहाराच्या लेखी तो रोगच नव्हे. एका यकृतात दोन विषाणू असल्यास ते दोनपण सांगण्याची सोय तर या शब्दात मुळीच नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी ‘सहसंसर्ग’ हा पारिभाषिक शब्द योजला जातो. पण ‘सह’ हा उपसर्ग सहकार, सहवास, सहाध्यायी अशा शब्दांतून बरोबरीचा आणि सलोख्याचा अर्थ घेऊन येतो. प्रत्यक्षातील नाते तसे क्वचितच असते.

डी विषाणूला स्वतःचे बाह्य आवरण नाही. ते त्याला बी विषाणूकडून घ्यावे लागते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर बी हा धातू आणि डी हा प्रत्यय होय : धातूवाचून प्रत्ययाला स्थान नाही. म्हणूनच बीची लस दोघांनाही रोखते. येथे क्रमही महत्त्वाचा आहे. दोघे एकदम आले तर प्रौढ माणसाचे शरीर बहुधा दोघांनाही घालवून देते. जुन्या बीवर डी मागाहून आला तर तो बहुतेकांत ठाण मांडतो आणि यकृत लवकर निबर होते. या दुसऱ्या स्थितीला ‘अधिसंसर्ग’ म्हणणे अवश्य आहे.

बी आणि सी यांचे नाते आणखी निराळे. पुष्कळदा सी हा बीला दडपून ठेवतो. प्रयोगशाळेतील पेशींत मात्र दोघे एकमेकांस फारसे अडवीत नाहीत असे आढळले आहे. तेव्हा हे दडपण बहुधा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेमार्फत येत असावे. औषधाने सी नाहीसा झाला की बी पुन्हा उसळू शकतो. याच कारणास्तव सीच्या नव्या औषधांवर उपचारापूर्वी बीची तपासणी करण्याची ठळक सूचना अमेरिकेत २०१६ मध्ये सक्तीची झाली. ‘सह’ या उपसर्गात या धोक्याची चाहूलही लागत नाही.

कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात तिसरी जोडी विशेष विचारणीय आहे. ही वस्ती उल्हास नदीच्या पाण्यावर वाढली. बीने आधीच जर्जर झालेल्या यकृतावर पाण्यातून ए किंवा ई येऊन आदळला तर एरवी ओसरणारा आजार प्राणघातक ठरू शकतो. पाण्याची कावीळ आणि रक्ताची कावीळ अशा रुग्णात एकमेकींना भेटतात.

लोकशब्द टाकून द्यावा असा याचा निष्कर्ष नव्हे. ‘कावीळ’ लक्षणवाचक म्हणून राहावी. मात्र तिच्यापुढे ‘कोणती?’ आणि ‘एक की दोन?’ हे प्रश्न यावेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी यांची तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. त्या कार्यक्रमाच्या मराठी पत्रकांनी विषाणूचे अक्षर, संसर्गाची वाट आणि आगमनाचा क्रम या तीन गोष्टी शब्दांत वेगळ्या राखल्या, तर रुग्णाला आपली तपासणी अपुरी झाली आहे किंवा नाही हे स्वतः विचारता येईल.